पन्नाशीच्या उंबरठ्यावरची जपानी गाणी: तुमची 'ओहाको' कोणती?

दख्खनकर

नमस्कार मंडळी.

गेली दोन वर्षं मी नागोयाजवळ आहे. कंपनीने एकट्यालाच पाठवलंय. बायको आणि बारावीतला मुलगा पुण्यात. वय 49. अशा बदलीला जपानीत 'तान्शिन फुनिन' म्हणतात. घर मागे ठेवून एकट्याने परगावी राहणारे पुरुष इथे इतके आहेत की त्यांच्यासाठी वेगळा शब्दच रुळलाय.

मागच्या हिवाळ्यात मी फार मिटून गेलो होतो. पावणेपाचला अंधार पडायचा. खोलीवर यायचं, कुकर लावायचा, घरी व्हिडिओ कॉल करायचा, झोपायचं. आमचे बुचो (विभागप्रमुख) 59 वर्षांचे, मोजकं बोलणारे. एका शुक्रवारी काहीही न विचारता त्यांनी मला स्टेशनमागच्या 'सुनाक्कु'त नेलं. आठ-दहा माणसं मावतील एवढी जागा, काउंटरपलीकडे मालकीणबाई, त्यांना सगळे 'मामा' (म्हणजे आई) म्हणतात. मागच्या फळीवर गिऱ्हाइकांनी घेऊन ठेवलेल्या बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्यात नावाची चिठ्ठी. कोपऱ्यात काराओके. वर्षभर ज्यांना मी फक्त आकडे वाचताना ऐकलं होतं, त्या बुचोंनी माइक घेतला, टाय सैल केला आणि 'सूदारा बुशी' सुरू केलं. हात होडीच्या वल्ह्यासारखे हलवत, गुडघे वाकवत. सगळं सुनाक्कु गात होतं. मी दोन-तीन महिन्यांनी पहिल्यांदा मनापासून हसलो.

दुसऱ्या दिवशी या गाण्याची माहिती काढत बसलो. 1961 सालचं गाणं, गायक हितोशी उएकी, शब्द युकिओ आओशिमा यांचे. (हे आओशिमा पुढे 1995 मध्ये टोकियोचे गव्हर्नर झाले!) एक नोकरदार माणूस 'एकच घेतो' म्हणून बसतो, या गुत्त्यातून त्या गुत्त्यात जातो आणि जाग येते तेव्हा फलाटावरच्या बाकड्यावर असतो. तब्येतीला हे बरं नाही हे त्याला ठाऊक आहे. मग येते ती प्रसिद्ध ओळ, 'वाकात्चाइरु केदो यामेरारेनाइ'. आपल्याकडे तिचं भाषांतर तयारच आहे: कळतं पण वळत नाही.

उएकी स्वतः दारू न पिणारे, गंभीर स्वभावाचे. असलं गाणं गावं की नाही याचा त्यांना घोर लागला. वडील बौद्ध मंदिराचे पुजारी होते, त्यांना विचारलं. वडील म्हणाले, खुशाल गा, शिनरानची शिकवण या ओळीत आली आहे. शिनरान म्हणजे 1173 ते 1263 या काळातले जोदो शिन्शू पंथाचे संस्थापक. माणूस स्वतःच्या बळावर सुधारत नाही हे मान्य करणं हीच त्यांच्याकडे सुरुवात. स्वतःला पतित म्हणवून घेत विठ्ठलापुढे उभे राहणारे आपले संत आठवले आणि त्या गाण्यावर माझा जीव जडला.

तेव्हापासून वहीत गाणी उतरवतोय. इथल्या थकल्या पुरुषांना उभारी देणाऱ्या गाण्यांत थकवा आधी कबूल केलेला असतो, मग हात दिला जातो. 'तू जिंकशील' असं कुणी ओरडून सांगत नाही. म्हणूनच बहुधा ती मला लागू पडतात.

माझी आणखी दोन:

'सान्ब्याकुरोकुज्यूगो-हो नो मार्च', म्हणजे 365 पावलांचा मार्च. कियोको सुइझेन्जी, 1968. सुख चालत आपल्या दारी येत नाही, तेव्हा आपणच चालत जायचं. रोज एक पाऊल, तीन दिवसांत तीन. आणि लगेच पुढे: तीन पावलं पुढे, दोन मागे! ही दोन मागची पावलं गाण्यातच आहेत, याचं मला फार अप्रूप. दिंडीत पावली खेळतात तशीच ही चाल. मागे आलेलं पाऊलही खेळातलंच.

दुसरं 'ओयोगे! ताइयाकी-कुन'. ताइयाकी म्हणजे माशाच्या आकाराच्या लोखंडी साच्यात भाजलेला, आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण भरलेला खाऊ. लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातलं गाणं, तबकडी 1975 च्या नाताळात निघाली. रोज रोज तव्यावर भाजून घ्यायला कंटाळलेला एक ताइयाकी दुकानदाराशी भांडतो आणि समुद्रात उडी मारतो. पोटातलं पुरण जड आहे, पण समुद्र केवढा मोठा! मुलांसाठी केलेलं हे गाणं नोकरदार बापांनीच डोक्यावर घेतलं. 45 लाखांहून जास्त तबकड्या खपल्या. जपानमध्ये सर्वाधिक खपलेली एकल तबकडी आजही हीच. गायक मासातो शिमोन यांना मात्र ठरलेले 50,000 येन तेवढे मिळाले.

आता मुद्दा. मार्चअखेरीला बुचो निवृत्त होताहेत. निरोपाचा कार्यक्रम त्याच सुनाक्कुत आहे आणि मला एक गाणं म्हणायचंय. हिरागाना, काताकाना (जपानी अक्षरमाला) वाचता येतं, कांजी (चित्राक्षरं) तीनेकशे. गाणं आनंदी हवं. बुचो घरी जाताना गुणगुणत गेले पाहिजेत.

तुमची 'ओहाको' कोणती? (आपलं हुकमी गाणं, त्याला इथे ओहाको म्हणतात. काबुकीतल्या अठरा निवडक नाटकांवरून शब्द आलाय.) सुचवा, आणि का ते नक्की लिहा.

---

सुरपेटी

दख्खनकर, धागा वाचून लगेच पेटी काढली.

तुमच्यासाठी माझं उत्तर एकच, 'उए ओ मुइते आरुको'. वर बघत चालू या, म्हणजे डोळ्यांतलं पाणी खाली पडणार नाही. क्यू साकामोतो, 1961. चाल हाचिदाइ नाकामुरा यांची, शब्द रोकुसुके एइ यांचे. 1960 साली अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध टोकियोत प्रचंड निदर्शनं झाली, तरी करार झालाच. त्या निराशेत घरी चालत जाताना एइ यांना हे शब्द सुचले, असं सांगतात. ऐकणाऱ्याला मात्र ते प्रेमभंगाचं वाटतं, परगावी राहणाऱ्याला घरच्या आठवणीचं, आणि निवृत्त होणाऱ्यालाही आपलंच वाटेल.

1963 च्या जूनमध्ये हे गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत तीन आठवडे पहिलं होतं. तिकडे त्याचं नाव ठेवलं 'सुकियाकी'. सुकियाकी हा मांसाचा पदार्थ, गाण्याशी काडीचा संबंध नाही. साकामोतो 1985 च्या ऑगस्टमधल्या विमान अपघातात गेले. 520 माणसं दगावली त्यात. ते फक्त 43 वर्षांचे होते. 2011 च्या सुनामीनंतर लोकांना धीर द्यायला टीव्हीवर पुन्हा हेच गाणं लागत होतं.

आता तुमच्या कामाचं. जपानी लोकप्रिय गाण्यांत 'योनानुकी' नावाचं स्वरसप्तक फार चालतं. यो म्हणजे चार, ना म्हणजे सात, नुकी म्हणजे वगळलेले. चौथा आणि सातवा स्वर वगळला की उरतात सा रे ग प ध, म्हणजे आपला भूप! या गाण्याचा मुखडा पेटीवर वाजवून बघा, मध्यम-निषाद लागतच नाहीत. भूप कानात असलेल्या मराठी माणसाला ही चाल दोनदा ऐकून पाठ होते. आणि मध्ये शीळ आहे. शीळ घालता येत असेल तर सगळी मैफल तुमची.

---

निशिकासाईची_मोगरा

आनंदी हवं म्हणताय आणि अजून कुणी 'मात्सुकेन सांबा' लिहिलं नाही?

केन मात्सुदाइरा हे टीव्हीवर 1978 पासून तोकुगावा योशिमुने या शोगुनची (जुन्या जपानच्या लष्करी शासकाची) भूमिका करणारे नट. तलवार, न्याय, करारी चेहरा. तेच 2004 साली पन्नाशीत सोनेरी चमचमत्या किमोनोत, मागे नर्तकांचा ताफा घेऊन नाचू लागले आणि अख्खा देश नाचला. ताल धड सांबाचा नाही, शब्दांत बोंगो येतो, मध्येच 'ओले' येतं, आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही. त्या वर्षी 31 डिसेंबरच्या 'कोहाकु'त, म्हणजे एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या वर्षअखेरीच्या गाण्यांच्या कार्यक्रमात, ते होतेच.

दोन वर्षांपूर्वी इथल्या गणपतीत आम्ही बायकांनी नवऱ्यांकडून हा नाच बसवून घेतला. माझ्या नवऱ्याचं वय 52, कोडिंग करून मान आखडलेली. सोनेरी जरीचे जुने शालू कापून अंगरखे शिवले. तीन आठवडे रोज रात्री दहाला सराव. शेजारच्या इमारतीतले जपानी आजोबा पायऱ्या शिकवायला यायचे. त्या तीन आठवड्यांत नवरा जेवताना बोलायला लागला, एवढंच सांगते.

---

चाकण_फेज_टू

वाचनखूण साठवली. आमच्याकडे चाकणला जपानी साहेब येतात तेव्हा जेवणानंतर 'एक गाणं होऊन जाऊ दे' होतंच. त्यांना आवडेल आणि आपल्याला जमेल असं काय?

---

सुरपेटी

@चाकण, तेच. 'उए ओ मुइते'. पहिली ओळ तुम्ही म्हणा, दुसरी ते म्हणतील.

---

धावपट्टी

'युकी नो शिरुशी' कसं विसरलात! 1989. सूट घालून, बॅग घेऊन विमानाने जगभर लढायला निघालेला जपानी नोकरदार. साबुरो तोकितो या नटाने त्याच पात्राच्या नावाने गायलेलं. '24 तास लढू शकाल का?' या प्रश्नावर सगळं सुनाक्कु मुठी वर करतं. शक्तिवर्धक पेयाची जाहिरात होती, पण चाल अशी मार्चसारखी की अंगात वारं येतं. बुचोंची ऐन पंचविशीतली वर्षं म्हणजे हाच काळ.

---

शांतारस

धावपट्टी, चाल उत्तम आहे यात वाद नाही. पण निरोपाच्या कार्यक्रमात हे नको, असं मनापासून वाटतं.

मी योकोहामात 17 वर्षं आहे. ते गाणं घरोघरी वाजत होतं त्याच सुमारास, 1988 पासून, इथे 'कारोशी'साठी वकिलांनी मदतीचा फोन क्रमांक सुरू केला होता. कारोशी म्हणजे कामाच्या अतिरेकाने आलेला मृत्यू. त्या पिढीतल्या प्रत्येक माणसाला असा एखादा सहकारी माहीत असतो. माझ्या जुन्या कचेरीत एक गृहस्थ होते, हे गाणं लागलं की बाहेर जाऊन उभे राहायचे. त्यांच्याबरोबर नोकरीला लागलेला त्यांचा मित्र 38 व्या वर्षी गेला होता. त्यांनी हे मला एकदाच सांगितलं, फलाटावर गाडीची वाट बघताना.

दख्खनकरांनी लिहिलंय तेच मला पटतं. थकवा कबूल करणारं गाणं हवं. हे गाणं थकायची परवानगीच देत नाही.

---

धावपट्टी

शांतारस, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. सांगितलंत ते बरं केलंत. माझी सूचना मागे घेतो.

त्याऐवजी 'दाइमेइवाकु' देतो. युनिकॉर्न हा बँड, 1989 च, त्यांची पहिली एकल तबकडी. नवं लग्न, नवं घर, आणि वरून हुकूम येतो: एकटाच बदलीवर जा, तीन वर्षं दोन महिने! पूर्ण वाद्यवृंद लावून, धावत्या लयीत, रोमिओ-ज्युलिएटच्या थाटात केलेली तक्रार. दख्खनकर, हे तर तुमचंच गाणं आहे. लय भयंकर जलद आहे, तेव्हा कार्यक्रमात नको, खोलीवर एकटे असताना मोठ्याने लावा.

---

कोयनाकाठ

माझी सूचना मजेशीर नाही, पण उभारीची आहे.

मियुकी नाकाजिमा यांचं 'चिजो नो होशी', म्हणजे जमिनीवरचे तारे. अनाम राहिलेल्या अभियंत्यांच्या आणि कामगारांच्या कहाण्या सांगणाऱ्या एनएचकेच्या 'प्रोजेक्ट एक्स' मालिकेचं शीर्षकगीत, 2000 सालचं. सगळे आकाशातल्या ताऱ्यांकडे बघतात, जमिनीवरचे तारे कुठे गेले, असं ती विचारते. 2002 च्या 31 डिसेंबरला कोहाकुसाठी तिने हे गाणं स्टुडिओत गायलं नाही, कुरोबेच्या जलविद्युत केंद्राच्या बोगद्यात उभं राहून गायलं. त्यानंतर जानेवारीत, प्रकाशनाला अडीच वर्षं उलटल्यावर, ते खपाच्या यादीत पहिलं आलं.

कुरोबे धरण 186 मीटर उंच, 1963 मध्ये पुरं झालं. बांधताना 171 माणसं गेली. माझे वडील त्याच सुमारास कोयनेच्या कामावर होते. त्यांच्या तोंडून मी धरणाबद्दल फार ऐकलं नाही. जेवताना कधी तरी पोफळीच्या बोगद्यातल्या गारव्याबद्दल बोलायचे. 2014 मध्ये कुरोबेला गेलो तेव्हा तिथे मरण पावलेल्यांच्या नावांचा फलक बघितला. रांगेतले बहुतेक पुरुष माझ्याच वयाचे, टोप्या काढून उभे. बसमध्ये परतताना कानात हे गाणं लावलं आणि वडिलांना फोन करावासा वाटला. ते जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

आयुष्यभर कारखान्यात घालवलेल्या माणसाला निरोप देताना यापेक्षा योग्य गाणं मला माहीत नाही.

---

निशिकासाईची_मोगरा

कोयनाकाठ दादा, प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहवेना.

---

दख्खनकर

कोयनाकाठ, मनापासून धन्यवाद. हे गाणं मी शिकणार आहे. पण बुचोंपुढे मी हे म्हणायला गेलो तर मला पुरं म्हणता येणार नाही, हे आत्ताच कळतंय. ते त्यांना घरी ऐकायला पाठवीन, वरच्या कुरोबेच्या गोष्टीसकट.

---

ओसाकातला_ठाणेकर

आता जरा ओसाकाची बाजू ऐका.

'उलफुल्स' हा इथला बँड. 'गात्त्सु दा झे!!' 1995 चं, नावातच हिंमत आहे. 2001 मध्ये त्यांनी क्यू साकामोतोचं 1963 चं 'आशिता गा आरु सा' (उद्या आहे की!) नव्याने गायलं. मुळात ते मुलीशी बोलायचं धाडस न होणाऱ्या पोराचं गाणं. नव्या शब्दांत ते मंदीतल्या नोकरदाराचं झालं. पण माझं सगळ्यात आवडतं 2003 चं 'एए नेन'. ही ओसाकाची बोली, टोकियोत असं कुणी बोलत नाही. अर्थ? कोल्हापूरकर म्हणतात तसं 'चालतंय की'. काही जमलं नाही, चालतंय की. गाणंभर तेच. नोकरी गेली होती तेव्हा मी योदो नदीच्या काठाने रोज तासभर हे ऐकत चालायचो. चार महिने चाललो.

मग 'रोक्को ओरोशी'. हान्शिन टायगर्स बेसबॉल संघाचं गीत, 1936 पासूनचं, संगीत युजी कोसेकी यांचं. (गंमत म्हणजे टायगर्सच्या कट्टर वैऱ्याचं, योमिउरी जायंट्सचंही गीत पुढे त्यांनीच केलं.) टायगर्स 1985 ला जपान सीरिज जिंकले, त्यानंतर थेट 2023 ला. 38 वर्षं! त्या मधल्या हरण्याच्या वर्षांत लोक हे गाणं तेवढ्याच जोरात म्हणत होते. आमच्या गल्लीतला केशकर्तनालयवाला 66 वर्षांचा आहे. 2023 च्या त्या रात्री तो दुकान उघडं टाकून रस्त्यावर गात होता. सूचना: नागोयात मात्र हे म्हणू नका, तिथे ड्रॅगन्स आहेत.

आणि भारतीय माणसाने गायलाच हवं असं एक: गोदाइगोचं 'गांदारा', 1978. ह्युएनत्संगाच्या भारतयात्रेवर बेतलेल्या 'साइयुकी' या टीव्ही मालिकेच्या शेवटी लागायचं. जिथे गेल्यावर कुठलंही स्वप्न पुरं होतं असा देश, तो भारतात होता म्हणतात, असं गाणं सांगतं. खरा गांधार आज पाकिस्तानात पेशावर-तक्षशिलेकडे. पण मी 'इन्दो' म्हणतो आणि हात छातीवर ठेवतो तेव्हा साठीचे ओजिसान (काका) टाळ्या वाजवत उठतात, कारण लहानपणी रविवारी रात्री त्यांनी ते टीव्हीसमोर बसून ऐकलेलं असतं. याच बँडचं 1979 चं 'गिंगा तेत्सुदो 999' (आकाशगंगेतली रेल्वे) तर सगळ्या गाडीला जाग आणेल असं.

---

काळा_डबा

भारतीय म्हटल्यावर एक नाव राहायला नको: सरबजीत सिंग चढ्ढा. दिल्लीचा सरदार, 1975 मध्ये जपानीत एन्का, म्हणजे तिथली जुन्या वळणाची भावगीतं, गाऊन नावाजला. पगडी घालून एन्का! आपल्यालाही जमेल, हा विश्वास मला त्यांच्यामुळे आला.

---

गटारगंगा_नव्हे_गोदावरी

47 पूर्ण. माझं ओहाको 'लिंदा लिंदा', द ब्लू हार्ट्स, 1987. सुरुवात हळू. गटारातल्या उंदरासारखं सुंदर व्हायचंय, कारण ते सौंदर्य फोटोत येत नाही. आणि मग एकदम धडाड्! अशा वेळी मी उड्या मारतो. गुडघ्याच्या डॉक्टरांनी परवानगी दिलीय, आठवड्यातून एक गाणं.

याच वाटेवरचं पण शांत, एलिफंट काशिमाशीचं 'ओरेताची नो आशिता' (आपला उद्या), 2007. शाळेतले मित्र एकत्र येऊन झालेला हा बँड. कोहाकुत पोहोचले ते 2017 मध्ये, पदार्पणानंतर तिसाव्या वर्षी. जुन्या मित्राला 'चल, जोर लावू या' म्हणणारं गाणं आहे. त्यात विशी, तिशी अशी वयं उलगडत जातात. हळदीच्या एका पेयाच्या जाहिरातीत ते वाजायचं. जपानी लोक दारूआधी हळदीचं पेय घेतात, हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'मग दूध-हळदच द्या की त्यांना.'

---

अनुराधा_सां

पुरुषांच्या धाग्यात येऊन लिहितेय, कारण माझे बाबा.

बाबा 71 चे. पुण्यात राहतात आणि रोज सकाळी पु. ल. देशपांडे उद्यानात फिरतात, ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली ती बाग. मी सेंदाइला असते. आई गेल्यावर त्यांना वर्षभर इथे आणलं होतं. भाषा येत नाही, थंडी, कुणी ओळखीचं नाही. एका सकाळी समोरच्या मैदानात साडेसहाला रेडिओवर व्यायाम चालला होता, 'राजिओ ताइसो'. आधी एक गाणं लागतं: नवी सकाळ आली, आशेची सकाळ. 1956 पासून तेच. बाबा शाल गुंडाळून जाऊन उभे राहिले. आठवडाभराने एका आजींनी त्यांच्या गळ्यात हजेरीचं कार्ड अडकवलं, रोज एक शिक्का. भारतात परतले तेव्हा 113 शिक्के होते. आता उद्यानात चार मित्रांना गोळा करून तेच गाणं मोबाइलवर लावतात. अर्थ त्यांनीच मराठीत करून भिंतीवर चिकटवलाय.

दख्खनकर, 'माकेनाइदे' (हार मानू नकोस) पण यादीत घाला. झार्ड, 1993. इझुमी साकाइ यांचा आवाज स्वच्छ, कुठेही आव नाही. टीव्हीवरच्या 24 तासांच्या धर्मादाय कार्यक्रमात शेवटी मॅरेथॉनचा धावपटू दमून येतो तेव्हा हे म्हणतात. त्या स्वतः 2007 मध्ये चाळिसाव्या वर्षी गेल्या.

आणि नाचायचंच असेल तर 2013 चं 'कोइ सुरु फॉर्च्यून कुकी'. गाणं एकेबी48 या मुलींच्या गटाचं, पण त्यावर कचेऱ्या, कारखाने, जिल्ह्यांची सरकारं यांनी आपापले व्हिडिओ केले. कानागावाच्या व्हिडिओत खुद्द गव्हर्नर नाचताहेत. टाय घातलेले पन्नाशीचे अधिकारी हात फिरवताना बघा, फार गोड दिसतात.

---

काळा_डबा

नवशिक्यांसाठी कामाच्या गोष्टी:

पडद्यावर कांजीच्या डोक्यावर बारीक हिरागाना येतो, तेव्हा कांजीला घाबरू नका. यंत्राच्या पाटीवर पट्टी खालीवर करायचं बटण असतं, एकेक अर्धा स्वर. ते निःसंकोच वापरा. बाईंचं गाणं पुरुषाने मूळ पट्टीत ओढू नये. गुण दाखवणारा भाग बंद ठेवायला सांगा. दुसरा गात असताना फोन बघू नका, डफली वाजवा.

पट्टीवरून आठवलं. काराओकेचं यंत्र 1971 मध्ये कोबेच्या दाइसुके इनोउए यांनी केलं. ते क्लबात साथ करणारे वादक. एका छोट्या कंपनीच्या मालकाला सहलीत गायचं होतं आणि साथीला इनोउएच हवे होते, कारण मालकाची गाण्याची तऱ्हा त्यांनाच सांभाळता येई. इनोउएंना जाता येईना, म्हणून त्यांनी त्याच्या आवाजाच्या बेताने साथ टेपवर वाजवून दिली. मध्यमवयीन, जेमतेम गाणाऱ्या एका माणसाला सांभाळून घेण्यातून ही सगळी गोष्ट जन्मली. पेटंट घेतलं नाही. 2004 मध्ये त्यांना 'इग नोबेल' या गमतीदार पुरस्कारांतलं शांतता पारितोषिक मिळालं.

---

दख्खनकर

मंडळी, शुक्रवारी कार्यक्रम झाला. उशिरा लिहितोय, क्षमस्व.

'उए ओ मुइते'ची तयारी पक्की होती. पण मी पोहोचेपर्यंत एका तरुण सहकाऱ्याने तेच म्हणून टाकलं होतं आणि बुचोंच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. मग 365 पावलांचा मार्च लावला. दुसऱ्या कडव्याला मी काउंटरसमोरच्या अरुंद जागेत तीन पावलं पुढे, दोन मागे चालायला लागलो, पावलीसारखं. मामा बाहेर आल्या. मग हिशेब विभागाच्या बाई. मग बुचो माझ्या मागे, खांद्यावर हात ठेवून. अकरा माणसं सुनाक्कुभर पुढे-मागे. कुणीतरी विचारलं, हा भारतातला नाच का? मी सांगितलं, आमच्याकडे देवाच्या भेटीला अडीचशे किलोमीटर चालत जातात आणि वाटेत असं खेळतात. बुचो म्हणाले, 'तेही दोन पावलं मागे येतात?' मी म्हटलं, 'हाय (हो), येतात.' ते बराच वेळ मान हलवत राहिले.

निघताना मामांनी फळीवरून बुचोंची बाटली काढली. बुचोंनी पेन मागून घेतलं, चिठ्ठीवरच्या आपल्या नावाखाली काताकानात माझं नाव लिहिलं आणि बाटली परत फळीवर ठेवली. निम्मी शिल्लक आहे.

---

सुरपेटी

वा! पट्टी कुठली घेतलीत?

---

दख्खनकर

मूळपेक्षा चार खाली. बुचोंना वरचं लागत नाही.